मोठ्या केबिनच्या बिझनेस जेटचा बाजार: तीन कंपन्यांमधली स्पर्धा नेमकी कशावर ठरते?

ताळेबंद:

नमस्कार. जनरल डायनॅमिक्स आणि बॉम्बार्डियर या दोन कंपन्यांचे २०२४ चे वार्षिक अहवाल नुकतेच लागोपाठ वाचले आणि त्यातून उभा राहिलेला प्रश्न येथील जाणकारांसमोर मांडत आहे. लांब पल्ल्याच्या, मोठ्या केबिनच्या खासगी जेट विमानांचा बाजार प्रामुख्याने तीन कंपन्यांच्या हातात आहे: १९९९ पासून जनरल डायनॅमिक्सच्या मालकीची असलेली अमेरिकेतील सव्हानाची गल्फस्ट्रीम, कॅनडातील माँट्रियलची बॉम्बार्डियर आणि फ्रान्सची दासो. सर्वांत वरच्या श्रेणीत पाहिले तर गल्फस्ट्रीम जी-७०० ची मजल, म्हणजे विनाथांबा उडता येणारे अंतर, ७,७५० नॉटिकल मैल (एक नॉटिकल मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर), बॉम्बार्डियरच्या ग्लोबल ७५०० ची ७,७०० आणि दासोच्या, अद्याप सेवेत न आलेल्या फाल्कन १०एक्सची ७,५००. किमतीही साडेसात कोटी डॉलरच्या आसपास घोटाळतात. आकडे इतके जवळजवळ असताना २०२४ मध्ये बॉम्बार्डियरने १४६, गल्फस्ट्रीमने १३६ आणि दासोने केवळ ३१ विमाने ग्राहकांना सुपूर्त केली. (या आकड्यांत मध्यम आकाराची विमानेही धरलेली आहेत, हे मला ठाऊक आहे, तरीही अंतर बोलके आहे.)

मला असे विचारायचे आहे की, ग्राहक या तिघांमधून निवड कशाच्या आधारे करतो? इतका नफा देणाऱ्या व्यवसायात चौथी कंपनी का उतरत नाही? आणि करोनानंतर वाढलेली मागणी टिकाऊ मानावी, की ती २००८ पूर्वीच्या तेजीसारखी ओसरेल? माझा अभ्यास ताळेबंदापुरता मर्यादित आहे, म्हणून विमानांच्या बाजूने कोणी लिहिले तर फार उपयोग होईल.

विंगलेट:

प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर मजलेच्या आकड्याचा अर्थ नीट समजून घेण्यापासून सुरू होते. जी-७०० ची ७,७५० नॉटिकल मैलांची मजल मॅक ०.८५ या वेगाला, म्हणजे ध्वनिवेगाच्या ८५ टक्के वेगाने उडाल्यास मिळते. तेच विमान मॅक ०.९० ने नेले तर मजल ६,६५० नॉटिकल मैलांवर येते. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे पावणेसात हजार नॉटिकल मैलांच्या आसपास आहे. २००३ मध्ये उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र मिळालेल्या गल्फस्ट्रीमच्या जी-५५० ची कागदावरची मजल जवळपास नेमकी तेवढीच, ६,७५० नॉटिकल मैल होती. परंतु पश्चिमेकडे जाताना समोरून येणारा वारा, टाळावे लागणारे हवाई क्षेत्र आणि प्रवासी व सामानाचे वजन यांचा विचार केला तर त्या विमानाने हा मार्ग विनाथांबा गाठणे भरवशाचे नव्हते. आजच्या विमानांना तो भरवसा आहे. त्यामुळे आठ हजार नॉटिकल मैल सलग उडण्याची वेळ वर्षात क्वचितच येत असली, तरी वाढीव मजल वाया जात नाही. मधल्या अंतरावर ती अधिक वेगाच्या किंवा अधिक वजनाच्या रूपाने वापरली जाते. मोठ्या मजलेसाठी पैसे मोजणारा ग्राहक प्रत्यक्षात वेळ आणि निश्चिती विकत घेत असतो.

आता स्पर्धेकडे येतो. माझ्या मते या बाजारात किमतीपेक्षा तारखेची स्पर्धा मोठी आहे. बॉम्बार्डियरने ग्लोबल ७००० आणि ८००० या विमानांची घोषणा २०१० मध्ये केली. पहिले विमान २०१६ मध्ये यायचे होते. ते ग्लोबल ७५०० या नावाने २०१८ च्या डिसेंबरमध्ये सेवेत आले. उशीर झाला, पण तरीही गल्फस्ट्रीमच्या पुढे पाच वर्षांहून अधिक मोकळे मैदान मिळाले, कारण २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जी-७०० ला अमेरिकी प्रमाणपत्र मिळायला २०२४ चा मार्च उजाडला. बोईंगच्या ७३७ मॅक्स या प्रवासी विमानाच्या दोन अपघातांनंतर अमेरिकेने २०२० च्या अखेरीस विमान प्रमाणनाचा कायदा कडक केला आणि त्याची झळ सर्वच नव्या विमानांना बसली. जनरल डायनॅमिक्सने २०२४ साठी सुमारे १६० विमानांचे उद्दिष्ट ठेवले होते. प्रत्यक्षातील १३६ हा आकडा आपण वर दिलेलाच आहे. मागणी कमी पडल्यामुळे ही तूट आली नाही. प्रमाणपत्राचा उशीर आणि पुरवठा साखळीतील अडचणी ही तिची कारणे होती.

सामान्य वाचकाच्या लक्षात सहसा न येणारी आणखी एक गोष्ट नोंदवतो. गल्फस्ट्रीम फाइव्ह आणि ग्लोबल एक्सप्रेस हे १९९० च्या दशकातले कट्टर प्रतिस्पर्धी एकाच बीआर-७१० इंजिनावर उडत होते. आजही रोल्स-रॉइसच्या जर्मनीतील डालेवित्झ येथील कारखान्यातून पर्ल १५ हे इंजिन ग्लोबल ५५०० व ६५०० साठी, पर्ल ७०० हे जी-७०० व जी-८०० साठी आणि पर्ल १०एक्स हे फाल्कनसाठी तयार होते. ग्लोबल ७५०० मात्र जनरल इलेक्ट्रिकच्या पासपोर्ट इंजिनावर उडते. इंजिन बनवणारे मोजकेच असल्यामुळे त्यांच्या एका चुकीने विमान कंपनीचे दशक वाया जाऊ शकते. साफ्रान या फ्रेंच कंपनीच्या सिल्व्हरक्रेस्ट इंजिनाने दासोच्या फाल्कन ५एक्सचे हेच केले; २०१३ मध्ये जाहीर झालेला तो प्रकल्प २०१७ च्या डिसेंबरमध्ये बंद करावा लागला.

अर्थवेध:

विंगलेट यांच्या तारखेच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. मागणी आणि चौथ्या कंपनीविषयी थोडे लिहितो.

चौथ्या कंपनीने प्रयत्न केलाच नाही असे नाही. सेस्ना या अमेरिकी विमान कंपनीने २००८ मध्ये सायटेशन कोलंबस नावाचे मोठ्या केबिनचे विमान जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी मंदीमुळे ते रद्द केले. २०१५ मध्ये त्यांनी सायटेशन हेमिस्फिअरची घोषणा केली. त्यासाठीही तेच सिल्व्हरक्रेस्ट इंजिन निवडले गेले होते आणि तेही विमान कधी उडाले नाही. म्हणजे सुस्थापित कंपनी, ओळखीचे ग्राहक आणि पैसा हे सारे असूनही दोनदा दार बंद झाले. एअरबस आणि बोईंग आपली प्रवासी विमाने खासगी वापरासाठी सजवून विकतात, आणि एअरबसचे एसीजे टूट्वेंटी हे तर ए-२२० या प्रवासी विमानावरच आधारलेले आहे. केबिनच्या प्रशस्तपणात त्यांना तोड नाही, परंतु त्या विमानांचा आकार आणि वजन प्रत्येक छोट्या विमानतळाला झेपत नाही.

मागणीचे मूळ समजण्यासाठी २००८ कडे बारकाईने पाहावे लागते. त्या वर्षी जगभरात सर्व आकारांची मिळून सुमारे १,३०० बिझनेस जेट विकली गेली होती. २०११ पर्यंत तो आकडा ७०० च्या खाली गेला आणि नंतर कधीच मूळ पातळीवर आला नाही. २०२० मध्ये ६४४ आणि २०२४ मध्ये ७६४ विमाने सुपूर्त झाली. मात्र ही घसरण सारखी नव्हती. कर्जावर छोटे विमान घेणारा उद्योजक मंदीत नाहीसा झाला. मोठ्या केबिनचा ग्राहक, म्हणजे बहुराष्ट्रीय कंपनी, सरकार किंवा अब्जाधीश कुटुंब, बराचसा टिकून राहिला. त्यामुळेच तिन्ही कंपन्यांनी आपले संशोधनाचे पैसे वरच्या श्रेणीत ओतले.

आजच्या मागणीत मला चार प्रवाह दिसतात आणि त्यांचा टिकाऊपणा सारखा नाही. पहिला अमेरिकी करकायद्याचा. २०१७ च्या कायद्याने धंद्यासाठी घेतलेल्या विमानाचा संपूर्ण घसारा पहिल्याच वर्षी दाखवण्याची, म्हणजे पूर्ण किंमत त्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची मुभा दिली आणि ती जुन्या विमानांनाही लागू केली. २०२३ पासून ही सवलत दरवर्षी २० टक्क्यांनी उतरत होती. जुलै २०२५ मधील कायद्याने ती पुन्हा १०० टक्के करून कायमची केली. साडेसात कोटी डॉलरच्या खरेदीत या एका तरतुदीचे वजन किती असेल, हे ताळेबंद यांना वेगळे सांगायला नको. दुसरा प्रवाह हिस्सेदारीने किंवा तासांच्या हिशेबाने विमान वापरणाऱ्यांचा. बर्कशायर हॅथवेच्या मालकीची नेटजेट्स किंवा व्हिस्टाजेट यांसारख्या कंपन्या ग्लोबल विमाने ताफ्याने घेतात, आणि अशा एका ग्राहकाने हात आखडता घेतला तर ऑर्डर बुकात मोठी पोकळी पडू शकते. हा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो. तिसरा लष्करी व सरकारी मागणीचा: साब या स्वीडिश कंपनीची ग्लोबलआय ही टेहळणी प्रणाली ग्लोबल विमानावर उभी आहे, अमेरिकी हवाई दलाचे इलेक्ट्रॉनिक युद्धाचे विमान जी-५५० वर. चौथा, करोनाकाळात प्रथमच खासगी विमानाकडे वळलेल्यांचा. त्यातले काही परतले, काही राहिले.

कंपन्यांच्या दृष्टीने मात्र खरी उशी वेगळीच आहे, ती म्हणजे देखभाल आणि सुटे भाग. २०२४ मध्ये बॉम्बार्डियरच्या ८७० कोटी डॉलरच्या आसपासच्या महसुलात सेवांचा वाटा २०० कोटींहून अधिक होता. सी सिरीज ही प्रवासी विमाने एअरबसला, रेल्वे व्यवसाय अल्स्टॉमला आणि सीआरजे ही छोटी प्रवासी विमाने मित्सुबिशीला देऊन केवळ बिझनेस जेटवर उभ्या राहिलेल्या, २०२० अखेर सुमारे १० अब्ज डॉलरचे कर्ज डोक्यावर असलेल्या कंपनीला या महसुलाने श्वास दिला. निवड कशावर होते, या आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तरही येथेच आहे. दूर देशात विमान जमिनीवर अडकले तर सुटा भाग आणि तंत्रज्ञ किती तासांत पोहोचतो, यावर पुढचे विमान कोणाचे घ्यायचे हे ठरते. आणि ताफ्यात एका बनावटीची विमाने असली की वैमानिकांचे प्रशिक्षणही ग्राहकाला त्याच कंपनीकडे बांधून ठेवते.

ताळेबंद:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मग दासोचे काय? तारीख आणि सेवा या दोन्ही कसोट्यांवर ती मागे दिसते, तरीही ती या श्रेणीत का टिकून आहे?

मिहानकर:

दासोविषयी मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे. नागपूरकर म्हणून या कंपनीकडे माझे लक्ष असते, हे आधीच सांगतो.

दासो एव्हिएशनचे बहुसंख्य भागभांडवल दासो कुटुंबाच्या समूहाकडे आहे आणि तिचा दुसरा पाय राफेल या लढाऊ विमानावर भक्कम रोवलेला आहे. फाल्कनच्या विक्रीत एक-दोन वर्षे मंद गेली तरी कंपनी डळमळत नाही, म्हणूनच ५एक्स बुडाल्यावर तिने अवघ्या दोन-तीन महिन्यांत प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाच्या इंजिनासह ६एक्स जाहीर केले आणि २०२३ मध्ये ते सेवेतही आणले. लढाऊ विमानांच्या अनुभवाचा लाभ तिला तंत्रज्ञानातही होतो. संगणकाद्वारे नियंत्रित उड्डाणप्रणाली बिझनेस जेटमध्ये सर्वप्रथम २००७ च्या फाल्कन ७एक्सने आणली. गल्फस्ट्रीमला त्यासाठी २०१२ च्या जी-६५० पर्यंत थांबावे लागले.

१०एक्सचा भर मजलेपेक्षा केबिनच्या रुंदीवर आहे. ती २.७७ मीटर रुंद आणि २.०३ मीटर उंच आहे आणि या श्रेणीत सर्वांत प्रशस्त आहे. मूळ २०२५ ची तारीख २०२७ पर्यंत लांबली, हे खरे. दरम्यान गल्फस्ट्रीमचे जी-८०० आणि बॉम्बार्डियरचे ग्लोबल ८००० ही दोन्ही विमाने २०२५ मध्ये ग्राहकांच्या हाती पडली. तरीही चौदा तासांच्या प्रवासात आठ हजार नॉटिकल मैलांपेक्षा खांद्याजवळची मोकळी जागा ज्यांना अधिक मोलाची वाटते, असे ग्राहक आहेत, आणि त्यांच्यासाठी दोन वर्षे थांबणे अशक्य नाही. विंगलेट यांच्या तारखेच्या सिद्धांताला मी एवढाच अपवाद सुचवतो.

नागपूरचा संबंधही नेमकेपणाने सांगायला हवा, कारण त्याविषयी बरेच अतिरंजित लिहिले जाते. नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रातील दासो-रिलायन्सच्या कारखान्यात फाल्कन २००० च्या कॉकपिटचा भाग काही वर्षांपासून तयार होत आहे. जून २०२५ मध्ये पॅरिसच्या हवाई प्रदर्शनात फाल्कन २०००एलएक्सएसची अंतिम जुळणी नागपुरात करण्याचा आणि पहिले विमान २०२८ पर्यंत तयार करण्याचा निर्णय जाहीर झाला. हे विमान सुमारे ४,००० नॉटिकल मैलांचे आहे, म्हणजे मुंबईहून लंडनच्या आसपास पोहोचणारे. त्यामुळे जी-७०० आणि ग्लोबल ७५०० यांच्या लढाईत ते उतरत नाही. परंतु त्याच घोषणेत ६एक्स आणि ८एक्स यांच्या भागांच्या जुळणीचाही उल्लेख होता. दासोची अडचण मागणीपेक्षा उत्पादनाच्या गतीची अधिक आहे. २०२४ मध्ये ३५ विमानांचे उद्दिष्ट असताना ३१ च सुपूर्त झाली. ही गती वाढवण्यात विदर्भातील तंत्रनिकेतनांतून आणि आयटीआयमधून येणाऱ्या मुलामुलींचे हात लागणार असतील, तर त्यांच्या प्रशिक्षणावर आजच खर्च व्हायला हवा, कारण विमानाच्या सांगाड्यावर रिव्हेट मारणारा कुशल कारागीर तयार व्हायला काही वर्षे लागतात आणि २०२८ फार दूर नाही.