मदत हवी आहे: अळी बदलली हे दिसतंय, पण रुई बदलली हे कसं दाखवायचं?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, धंदा चादरी-टॉवेलचा, बायोलॉजी बारावीला सुटली ती सुटलीच. भाची टीवायबीएस्सीला आहे, तिनं प्रोजेक्टला 'झाडं आणि त्यांना खाणारे कीटक एकमेकांना कसे घडवतात' हा विषय घेतला आणि गाडी माझ्याकडं म्हणून रोज सकाळी तिला हिप्परगा तलावाकडं न्यायची ड्युटी मामावर आली. आता नाद मलाच लागलाय.

तिकडं रुई मायंदाळ. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो तीच. तिच्यावर प्लेन टायगर फुलपाखराची अळी असते, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. परवा एक अळी वीस मिनिटं बघत बसलो. बया खायलाच तयार नाही! आधी मधल्या शिरेला देठाजवळ चावा घेतला, चीक भळाभळा आला, तोंड पानाला पुसलं, बाजूला झाली, परत येऊन चावली. असं चार-पाचदा. मग पान खाली लोंबलं आणि ही शेंड्याकडं जाऊन निवांत खायला बसली. मेन कॉक बंद करून मग कामाला लागणारा प्लंबर असतो ना, तसं.

चिकातलं विष शरीराच्या पेशीतला सोडियम-पोटॅशियमचा पंप बंद पाडतं म्हणे. ह्याच अळीचा अमेरिकेतला भाऊबंद मोनार्क, त्याच्या पंपाच्या प्रोटीनमध्येच असे बदल झालेत की विष तिथं नीट चिकटत नाही. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यातले तीन बदल साध्या फळमाशीत घातले तर माशीही ते विष पचवायला लागली. हे वाचून भाची खूश, मी पण.

पण मॅडमनी रिपोर्ट बघून विचारलं, हे सगळं अळीचं झालं, अळीमुळं झाड बदललं ह्याचा पुरावा कुठाय? नसेल तर को-इव्होल्यूशन (दोघांनी एकमेकांना बदलत नेणं) हा शब्द काढ, नुसतं ॲडाप्टेशन लिही. भाची रडवेली, पण मला विचाराल तर मुद्दा बिनतोड आहे. १९६४ मध्ये एर्लिक आणि रेव्हन ह्या शास्त्रज्ञांनी मांडलेली गोष्ट (झाड नवं विष काढतं, कीटक तोड काढतो, परत झाड...) आम्ही जशीच्या तशी रुईला चिकटवली होती.

मला ज्वारीची किराळ आठवली. कोवळ्या ज्वारीत सायनाइड असतं, गुरं दगावतात. पण ते कीटकांसाठी आलं का गुरांसाठी, आणि ज्वारी तर माणसानं निवडत आणलेली, मग ती धरायची का? झाडाच्या बाजूचा पुरावा लोक मिळवतात तरी कसा, आणि सहा आठवड्यात आमच्यासारख्यांना काय जमेल? जाणकारांनी सांगा की ओ.

माळरान_भटका: मॅडम बरोबर आहेत. ज्वारी सोडा, गुंता वाढेल. झाडाच्या बाजूचा मला आवडणारा पुरावा जुन्या हर्बेरियममधला (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहातला) आहे. रानटी पार्सनिप (गाजराच्या कुळातलं झाड) युरोपातून अमेरिकेत गेलं, त्याला खाणारी अळी मागाहून पोचली. झँगर्ल आणि बेरेनबाउम ह्या शास्त्रज्ञांनी दीडशे वर्षांचे वाळवलेले नमुने तपासले तर अळी यायच्या आधीच्या झाडांत विष कमी, नंतरच्यांत जास्त.

पानकिडा: उलटा प्रयोगपण झालाय, इव्हिनिंग प्रिमरोज नावाच्या रानफुलाच्या झाडावर. अर्ध्या प्लॉटना कीटकनाशक मारत राहिले, तर काही पिढ्यांतच त्या प्लॉटमधल्या झाडांच्या फळांतलं किडीविरुद्धचं रसायन कमी झालं. आणि दादा, झाड दरवेळी विष वाढवतंच असं नाही हां. अमेरिकन मिल्कवीडच्या (रुईच्या नात्यातलीच झाडं) वंशावळीत विष-चीक कमी होत गेलं आणि खाल्ल्यावर परत फुटायची ताकद वाढली असं दिसलंय. सहा आठवड्यात उत्क्रांती दिसणार नाही, पण प्रत्येक रुईचा चीक सारखा नसतो. वीस-पंचवीस झाडं घ्या, चीक मोजा, खाल्लेली पानं मोजा, जास्त चिकाचं झाड कमी खाल्लं जातं का बघा. नैसर्गिक निवड झाडाला कुठल्या बाजूला रेटतेय एवढं तरी मांडता येईल.

(धागाकर्ता): दोघांचे आभार! भाचीनं टायटल बदललं, 'रुईच्या चिकातला फरक आणि अळीचा चावा'. पण चीक मोजायचा कसा, तो तर लगेच घट्ट होतो.

पानकिडा: फिल्टर पेपरची गोल चकती आधी वजन करून ठेवा, पानाचं टोक कापा, येईल तेवढा चीक टिपा, परत वजन करा. पान दरवेळी त्याच वयाचं, शेंड्यापासून तिसरी जोडी वगैरे ठरवून घ्या. वेळपण सकाळचीच ठेवा. आणि गॉगल घालाच, रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळ दुखावतं.

(धागाकर्ता): दोस्ताचं सराफी दुकान आहे, त्याचा काटा चालेल का?

पानकिडा: मिलिग्रॅम दाखवत असेल तर पळेल. चीक सांडू नका फक्त, दोस्ती तुटेल.