मदत हवी आहे: आईबाबांसोबत केरळ, मुन्नारचा घाट आणि अलप्पीची बोट

नमस्कार मंडळी, जानेवारीत आईबाबांना घेऊन केरळला जायचंय. नेत्रावती एक्स्प्रेसने एर्नाकुलम, फोर्ट कोचीची मासेमारीची चिनी जाळी, मग मुन्नार, शेवटी अलप्पी. (मुन्नारजवळचं एरविकुलम उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये नीलगिरी ताहर या रानबकऱ्यांच्या विणीसाठी बंद असतं आणि बाबांना ताहर बघायचाच आहे, म्हणून जानेवारी.)

कोची ते मुन्नार सुमारे १३० किमी, पण पुढचा रस्ता सगळा घाटाचा आणि आईला गाडी लागते. आंबोली चढतानासुद्धा तिचा जीव कासावीस होतो. वाटेतल्या अडिमालीला मुक्काम करून सकाळी ताज्या दमाने वर जावं का?

दुसरं, हाउसबोट. मुक्कामाच्या बोटी संध्याकाळीच काठाला लागतात, म्हणजे पैसे बरेच आणि फिरणं कमी. त्यापेक्षा अलप्पी-कोट्टायम सरकारी बोट मला जास्त पटते. अडीचेक तासांचा प्रवास, तिकीट अगदी स्वस्त, आणि काठावरची घरं, भातखाचरं जवळून दिसतात. पण बाबांचे गुडघे दुखतात. धक्क्यावरून बोटीत चढताना पाऊल किती उंच टाकावं लागतं? धरायला काही असतं का? बसायला जागा मिळते का?

ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा, तिकिटं लवकरच काढायची आहेत.