साडीच्या दुकानासाठी मोबाइल अ‍ॅप सुचवा (शहापूर, बेळगाव)

शहापूरकर_साडी
नमस्कार मंडळी. आमचं शहापुरात साडी-ड्रेस मटेरियलचं लहान दुकान आहे. हिशेब आईच्या वहीत. वही चोख, पण वाचता येते ती फक्त तिलाच. गावची यात्रा आली की अख्खी घरं खरेदीला येतात. थोडे रोख, उरलेले सुगी झाल्यावर. निम्मी गिऱ्हाइकं कन्नड. आता चंदगड-गडहिंग्लजकडूनही फोटो बघून साड्या मागवायला लागलेत. उधारी, बिल आणि फोटो, तिन्हीला काय वापरू? आईलाही जमलं पाहिजे.

खडेबाजार_कटलरी
उधारीला खाताबुक नाहीतर ओकेक्रेडिट. दोन्हीत उन्नीस-बीसच. दिले ते लाल, आले ते हिरवं, एवढंच आईंना दाखवा. मराठी भाषा निवडता येते.
एक सांभाळा. नोंद टाकली की गिऱ्हाइकाला मेसेज जातो. आमच्याकडे एका मावशींनी पुण्यातल्या मुलाचा नंबर दिलेला. बांगड्यांची उधारी आधी पोराला कळली, मग मावशी दुकानात येऊन जे बोलल्या ते इथं लिहीत नाही. नंबर घेताना "हा फोन कोणाकडं असतो?" एवढं विचाराच. नको असेल तिथं त्या नावापुरता मेसेज बंद ठेवायचा.

वडगाव_मागवाले
फोटोसाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, दुसरं काही नको. फुकट आहे, कॅटलॉग करता येतो, 'पैसे यायचेत', 'पार्सल गेलं' अशी लेबलं लावता येतात. दुकानाचा नंबर वेगळा घ्या, म्हणजे घरचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच फोनवर राहतं.
फोटो दारातल्या उजेडात काढा, ट्यूबलाइटखाली मोरपंखी निळी दिसते आणि माल परत येतो. साडीवर नंबराची चिठ्ठी ठेवूनच फोटो. नाहीतर "ती निळी ठेवा" म्हणून चौघी सांगतात आणि चौघींची निळी वेगळी निघते. ब्रॉडकास्ट (एकच मेसेज एकदम सगळ्यांना) टाकलात तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, तेव्हा बिल देतानाच सेव्ह करायला सांगायचं.

टिळकवाडी_हिशेबनीस
अ‍ॅप कुठलंही घ्या वो, मी चंदगड वाचून थांबलो. ते महाराष्ट्रात, आपण कर्नाटकात. जीएसटी नोंदणीची ४० लाखांची मर्यादा माल राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. कंपोझिशन (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी कर योजना) घेऊनही भागत नाही, त्यात परराज्यात माल विकता येत नाही.
चंदगडची बाई दुकानात येऊन साडी घेऊन गेली, बिलावर पत्ता नाही, तर विक्री कर्नाटकातली. तीच साडी पार्सलने पाठवलीत की आंतरराज्य, आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी) लागणार. शिनोळी इथून हाकेच्या अंतरावर असली तरी जीएसटीतला राज्याचा कोड आपला २९ आणि त्यांचा २७.
नोंदणी झाल्यावर बिलाला 'व्यापार' किंवा 'मायबिलबुक' अ‍ॅप बघा. गिऱ्हाइकाचं राज्य नीट भरलं की कर कुठला ते अ‍ॅपच लावतं. काही सोयींना पैसे पडतात, आधी फुकटात वापरून बघा.

खडेबाजार_कटलरी
चार साड्या पाठवल्या तर कोण बघतंय, साहेब? घाबरवू नका की.

टिळकवाडी_हिशेबनीस
जुलै २०२५ मध्ये वाणिज्य कर खात्यानं यूपीआयच्या आकड्यांवरूनच राज्यातल्या छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या होत्या. बेंगळुरात कित्येकांनी क्यूआर काढून 'फक्त रोख'च्या पाट्या लावल्या. त्यानं उलाढाल थोडीच कमी होते? त्या नोटिसांचं पुढं काय झालं ते चौघं चार तऱ्हेनं सांगतील, तुम्ही हिशेब स्वच्छ ठेवा. दुकानाचे पैसे दुकानाच्या खात्यात, घरचे घरच्या. भावानं पाठवलेले पैसे विक्रीत मिसळले की निस्तरायला माझ्याकडंच येता सगळे.

संकेश्वर_हार्डवेअर
गर्दी असेल तर यूपीआयचे पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा (साउंडबॉक्स) घ्या, भाडं असलं तरी. खोटा स्क्रीनशॉट दाखवणारे यात्रेच्या गर्दीतच येतात. आणि पैसे *घ्यायला* पिन कधीच लागत नाही, हे आईंना दोनदा सांगा.
मला कन्नड बोलता येतं, वाचताना अडतं. हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) पत्र आलं की गूगल ट्रान्सलेटचा कॅमेरा धरतो, मतलब कळतो. पैशाचा आकडा आणि तारीख मात्र शेजारच्याकडून खात्री करून घेतो. कन्नड गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं तर जीबोर्डवर (गूगलच्या कीबोर्डवर) कन्नड लावून बोलायचं, तो लिहितो.
गूगल मॅपवर दुकान टाका. त्याचं वेगळं अ‍ॅप २०२२ मध्येच बंद झालं, आता गूगल मॅप्समधूनच होतं.

शहापूरकर_साडी
आभार. खाताबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आजच घालतो. नोंदणी होईपर्यंत चंदगडची पार्सलं बंद, घ्यायला या म्हणून सांगतो. हिशेबनीस साहेब, कागद काय लागतात?

टिळकवाडी_हिशेबनीस
पॅन, आधार, फोटो, बँक पासबुक, दुकानाचं लाइट बिल. जागा भाड्याची असेल तर करारपत्रही. सरकारी फी काही नाही, पोर्टलवर स्वतः भरता येतं. पण विवरणपत्र नंतर भरत राहावं लागतं, विक्री शून्य असली तरी.