अँड्रॉइड 4.4 च्या जुन्या टॅबलेटवर आज नीट चालेल असा ब्राउझर कोणता?

प्रश्न : नदीकाठचा_करवीरकर

नमस्कार. वडिलांकडे सात इंची, एक जीबी रॅमचा जुना टॅबलेट आहे. त्यात अँड्रॉइड 4.4.2 असून त्यापुढची आवृत्ती कंपनीने कधी दिलीच नाही. स्क्रीन, बॅटरी आणि वायफाय अजून ठणठणीत आहेत आणि फोनवरची बारीक अक्षरे वडिलांना वाचवत नाहीत, त्यामुळे तो भंगारात काढावा असे वाटत नाही. त्यांची गरज मोजकी आहे: सकाळी मराठी वृत्तपत्रे, कधी मराठी विकिपीडिया, अधूनमधून सातबारा आणि पावसाळ्यात पंचगंगेची पातळी. आमचे गाव नदीला लागून आहे. राजाराम बंधाऱ्यावरचे पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले किंवा राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली, की घरात तासातासाला आकडे पाहिले जातात. 43 फुटांची धोका पातळी गाठेपर्यंत वाट पाहिली तर जनावरे हलवायला उशीर होतो.

2024 च्या सुरुवातीपर्यंत क्रोममध्ये बहुतेक पाने उघडत होती. त्यानंतर एकेक संकेतस्थळ 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा देऊ लागले आणि त्याखाली 'सर्ट ऑथॉरिटी इनव्हॅलिड' असे लिहिलेले दिसते. प्ले स्टोअरवरचे 'लाइट', 'फास्ट' अशा नावांचे बरेच ब्राउझर घालून पाहिले, पण त्यांनी फरक पडला नाही. काही पाने उघडतात आणि कोरीच राहतात. एका सरकारी संकेतस्थळावर जिल्हा निवडला तरी तालुक्याची यादी भरत नाही. 'नवा टॅबलेट घ्या' हे उत्तर मला ठाऊक आहे. ते सोडून काही मार्ग असल्यास कृपया सांगावा.

उत्तर : राजारामपुरी_मोबाइल_दुरुस्ती

सर्वप्रथम टॅबलेटमधील तारीख आणि वर्ष तपासावे. बॅटरी पूर्ण उतरली की काही जुन्या टॅबलेटचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाते, आणि मग कोणताही ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळ उघडायला नकार देतो. मात्र त्या वेळी इशाऱ्यात बहुधा 'डेट इनव्हॅलिड' असे शब्द असतात. आपल्याकडे 'ऑथॉरिटी' दिसत आहे, म्हणजे दोष घड्याळाचा नसावा. दुकानात असे टॅबलेट आले की गिऱ्हाईक आधी फॅक्टरी रीसेट करून आलेले असते. आपण तेवढे मात्र करू नये. त्याने हा इशारा जाणार नाही आणि आहे ती क्रोमची आवृत्तीही हातची जाण्याची भीती असते.

उत्तर : उद्यमनगर_संगणक

आपल्या दोन अडचणी एकत्र दिसत असल्या तरी त्यांची मुळे वेगळी आहेत. ती वेगळी ओळखली नाहीत तर माणूस नुसते ॲप बदलत बसतो.

पहिली अडचण प्रमाणपत्रांची. सुरक्षित संकेतस्थळ उघडताना ब्राउझर त्याचे प्रमाणपत्र तपासतो आणि ते कोणत्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत पोहोचते हे आपल्याजवळच्या यादीत पाहतो. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था जगभरातील असंख्य संकेतस्थळांना विनामूल्य प्रमाणपत्रे देते, पण तिचे 'आयएसआरजी रूट एक्स1' हे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइडच्या यादीत 7.1.1 पासूनच आहे. त्याआधीच्या उपकरणांसाठी ते दुसऱ्या एका संस्थेच्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधाराने चालवले जात होते. ते जुने प्रमाणपत्र 30 सप्टेंबर 2021 रोजी संपले, तरीही जुने अँड्रॉइड मूळ प्रमाणपत्राची अंतिम तारीख पाहत नसल्यामुळे आणखी तीन वर्षांची सोय करता आली. हा जोड 2024 मध्ये टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आला आणि 30 सप्टेंबर 2024 रोजी त्याची मुदतही संपली. आपल्या टॅबलेटवरची संकेतस्थळे त्याच वर्षी एकेक करून रुसली, ती यामुळे.

'लाइट' ब्राउझरांनी काही साधले नाही यामागेही कारण आहे. त्यांतील बहुतेकांना स्वतःचे इंजिन, म्हणजे पान घडवून दाखवणारा भाग, नसते. ते ॲपमध्ये वेबपाने दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या वेबव्ह्यू या घटकावर फक्त पत्त्याची पट्टी आणि जाहिराती चढवतात. अँड्रॉइड 5.0 पासून वेबव्ह्यू प्ले स्टोअरवरून स्वतंत्रपणे अद्ययावत होतो. 4.4 मध्ये मात्र तो प्रणालीतच गोठलेला आहे आणि तोही क्रोमियम (क्रोमचा पाया असलेला ब्राउझर) 30 च्या काळातला, म्हणजे 2013 चा. वर नाव कोणतेही असो, आत तेच इंजिन चालते. म्हणून नावावर आणि तारांकनांवर न जाता, ब्राउझर स्वतःचे इंजिन आणि स्वतःची प्रमाणपत्रे बरोबर आणतो का, एवढेच विचारावे.

या कसोटीवर आपल्यासाठी दोनच नावे उरतात. अँड्रॉइड 4.4 वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती 81 आहे आणि फायरफॉक्सची 68. दोन्ही 2020 मधील. फायरफॉक्स प्रमाणपत्रांची यादी स्वतःजवळ बाळगतो आणि तिच्यात आयएसआरजीचे मूळ प्रमाणपत्र आहे, त्यामुळे तो घातल्याबरोबर आपला इशारा बहुतेक ठिकाणी नाहीसा होईल. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या अधिकृत संग्रहात 68 मालिकेची फाइल अजून मिळते. टॅबलेटचा प्रोसेसर इंटेलचा आहे की एआरएमचा, हे पाहून योग्य फाइल घ्यावी. इतर ठिकाणच्या एपीके (ॲप बसवण्याच्या) फाइलींच्या वाटेला जाऊ नये.

तरीही माझी पसंती क्रोम 81 ला आहे, कारण आपली दुसरी अडचण, म्हणजे कोरी पाने आणि न भरणारी यादी, ही इंजिनाच्या वयाची आहे. पानांतील स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहितात त्या जावास्क्रिप्टमध्ये 2020 च्या सुमारास '?.' आणि '??' या खुणा आल्या आणि आता त्या सर्रास वापरल्या जातात. इंजिनाला त्यांतील एक जरी उमगली नाही, तर तेवढीच ओळ सोडून पुढे जाण्याऐवजी ते ती स्क्रिप्ट सुरूच करत नाही. पान कोरे राहते, किंवा पान दिसते आणि तालुक्यांची नावे आणणारी स्क्रिप्ट मात्र चालत नाही. क्रोमला या दोन्ही खुणा आवृत्ती 80 पासून कळतात. फायरफॉक्सला '??' 72 मध्ये आणि '?.' 74 मध्ये कळू लागली, म्हणजे 68 ला दोन्ही परक्या. त्यानंतर आलेली '??=' ही खूण मात्र क्रोम 81 लाही कळत नाही, त्यामुळे काही संकेतस्थळे कशानेच उघडणार नाहीत.

थोडक्यात, फायरफॉक्सकडे प्रमाणपत्र आहे पण इंजिन मागे पडलेले, तर क्रोमकडे इंजिन त्यातल्या त्यात बरे पण प्रमाणपत्रासाठी तो अँड्रॉइडवर अवलंबून. यांपैकी प्रमाणपत्राची उणीव आपल्याला घरी भरून काढता येते. नव्या फोनवर किंवा संगणकावर लेट्स एन्क्रिप्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून 'आयएसआरजी रूट एक्स1' ची फाइल उतरवून घ्यावी. तिच्या नावाच्या शेवटी सीआरटी हे विस्तारनाम असू द्यावे आणि ती केबलने टॅबलेटमध्ये टाकावी. त्यानंतर सेटिंग्ज, सिक्युरिटी आणि 'इन्स्टॉल फ्रॉम स्टोरेज' असे जाऊन ती निवडावी. टॅबलेटला आधी पिन किंवा पॅटर्न लावावा लागेल; त्याशिवाय अँड्रॉइड प्रमाणपत्र घेत नाही आणि नंतर तो काढूही देत नाही. वडिलांना हे रुचणार नाही, पण सोपा पॅटर्न लावला की सवय होते.

वृत्तपत्रांसाठी आणखी एक गोष्ट. क्रोमच्या साइट सेटिंग्जमधून जावास्क्रिप्ट बंद केल्यास जाहिराती आणि आपोआप सुरू होणारे व्हिडिओ गळून पडतात, आणि एक जीबी रॅमवरही पान सुसह्य वेगाने सरकते. ज्या संकेतस्थळांना जावास्क्रिप्ट लागतेच, तेवढी अपवादांच्या यादीत घालावीत. मराठी विकिपीडिया तिच्याविना व्यवस्थित वाचता येतो. फायरफॉक्स 68 मध्ये जाहिराती रोखणारे ॲडऑन घालण्याचा सल्ला जुन्या लेखांत आढळतो, परंतु ॲडऑनची खातरजमा करणारे मोझिलाचे मूळ प्रमाणपत्र 14 मार्च 2025 रोजी संपल्यामुळे आता त्यावर विसंबू नये.

उत्तर : गंगावेस_वाचक

ऑपेरा मिनीचा उल्लेख कोणी केला नाही याचे नवल वाटते. त्याच्या एक्स्ट्रीम मोडमध्ये पान आपल्या उपकरणावर घडतच नाही. ऑपेराचे सर्व्हर ते उघडतात, आटवतात आणि तयार रूप आपल्याकडे पाठवतात. प्रमाणपत्र तपासण्याचे कामही तिकडेच होते, म्हणून जुन्या टॅबलेटवर तो हलका चालतो. बटणांच्या फोनवर मराठीऐवजी नुसते चौकोन दिसत असत, त्या काळात 'ऑपेरा:कॉन्फिग' उघडून जटिल लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्टचा पर्याय 'येस' केला की देवनागरी अवतरत असे. ज्यांनी ते केले आहे त्यांना या ब्राउझरविषयी अजून जिव्हाळा आहे, आणि त्यांच्यात मीही आहे.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्याचा हाय मोड उपकरणातलेच इंजिन वापरतो, त्यामुळे 4.4 वर त्याचा उपयोग नाही, एक्स्ट्रीमच निवडावा. आणि पान वाटेत सर्व्हरवर उलगडले जात असल्याने पासवर्ड, ओटीपी किंवा आधार क्रमांक त्यात कधीही टाकू नये. बातम्या आणि नदीची पातळी यांना काही हरकत नाही. जाता जाता, जुन्या लेखांत यूसी ब्राउझरची शिफारस सापडेल, पण त्यावर भारतात 29 जून 2020 रोजी बंदी आली आहे.

उत्तर : शिरोली_एमआयडीसी

वरील सल्ला तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे, पण एक गोष्ट अधिक ठळकपणे सांगायला हवी होती. पाने उघडू लागली याचा अर्थ टॅबलेट सुरक्षित झाला असा नाही. अँड्रॉइड 4.4 ला सुरक्षा दुरुस्त्या मिळणे कधीच बंद झाले आहे, गूगल प्ले सर्व्हिसेसनेही 2023 मध्ये त्याची साथ सोडली, आणि ब्राउझर 2020 चा म्हणजे त्यानंतर सापडलेली प्रत्येक फट त्यात उघडीच आहे. त्यामुळे बँक, यूपीआय आणि मुख्य गूगल खाते यांपासून हा टॅबलेट दूर ठेवावा. फक्त वाचनासाठी वापरायचा असेल तर माझी हरकत नाही.

ज्यांच्या टॅबलेटमध्ये अँड्रॉइड 5, 6 किंवा 7 आहे त्यांनी मात्र क्रोमच्या मागे लागू नये. तिथे क्रोम अनुक्रमे 95, 106 आणि 119 वर थांबला, तर फायरफॉक्स 143 पर्यंत, म्हणजे 2025 च्या सप्टेंबरपर्यंत, मिळत राहिला. इंजिनही नवे आणि प्रमाणपत्रेही त्याची स्वतःची. 4.4 आणि 5.0 यांच्यात नावाला एका पायरीचे अंतर असले तरी ब्राउझरच्या बाबतीत ते पाच वर्षांचे आहे.

प्रश्नकर्ता : नदीकाठचा_करवीरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रमाणपत्र घातल्यावर क्रोममधला इशारा बहुतेक ठिकाणी गेला आणि तालुक्याची यादीही भरू लागली; 'लाइट' ब्राउझरमध्ये ती अजून रिकामीच राहते. एका वृत्तपत्राचे पान कोरे राहत होते, ते जावास्क्रिप्ट बंद केल्यावर चित्रांविना का होईना, पण वाचता येते. पातळी पाहण्यासाठी ऑपेरा मिनी ठेवला आहे. सातबाऱ्यासाठी मोबाइल क्रमांक द्यावा लागतो, म्हणून तो यापुढे माझ्या फोनवरच पाहायचा असे ठरवले. फक्त एक शंका राहिली. आता वरच्या पट्टीत 'तुमच्या नेटवर्कवर त्रयस्थाकडून लक्ष ठेवले जाऊ शकते' अशा अर्थाची सूचना सतत दिसते आणि वडील ती पाहून अस्वस्थ होतात. ती घालवता येईल का?

उत्तर : उद्यमनगर_संगणक

टॅबलेट रूट न करता, म्हणजे त्याच्या प्रणालीवर पूर्ण ताबा न मिळवता, ती घालवता येत नाही. वापरकर्त्याने स्वतः मूळ प्रमाणपत्र घातले की अँड्रॉइड 4.4 ही सूचना दाखवतोच, मग ते प्रमाणपत्र कोणाचेही असो. कारण त्याच मार्गाने एखाद्याला खोटे प्रमाणपत्रही घुसवता येते. म्हणून खात्री एकदा स्वतःच करून घ्यावी. सेटिंग्जमधील सिक्युरिटी, त्यातील 'ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स' आणि त्यातील 'युजर' हा टॅब उघडावा. तिथे आयएसआरजी रूट एक्स1 हे एकच नाव असावे आणि त्यावर बोट ठेवल्यावर मुदत 4 जून 2035 पर्यंत दिसावी. दुसरे कोणतेही नाव दिसल्यास ते लगेच काढून टाकावे आणि इथे कळवावे.