मदत हवी आहे: १० जणांच्या माफियात पहिल्या दिवशी मत द्यावं की सोडावं?

मंडळी, नाशिकला कॉलेज रोडवर आमचा माफिया या खेळाचा अड्डा जमतो: दिवसा सगळे मत देऊन एका संशयिताला बाद करतात, रात्री लपलेले माफिया एका गावकऱ्याला मारतात. १० जण: ८ गावकरी (त्यात एक डॉक्टर, जो रात्री एकाला माफियांपासून वाचवायचा प्रयत्न करतो), २ माफिया. माफियांची संख्या गावाइतकी झाली की गाव हरलं.

डॉक्टर नसेल तर हिशोब सरळ आहे. दिवसा एक निर्दोष गेला, रात्री दुसरा: १०, ८, ६ आणि मग २ विरुद्ध २. म्हणजे गावाला दोनच चुका परवडतात. पहिल्या दिवशी कुणालाच बाद केलं नाही तर ९ उरतात आणि तरीही दोनच चुका. शेवटची संधी मात्र ६ ऐवजी ५ जणांत येते. आंधळा नेम ३३ वरून ४० टक्के. त्यामुळे सम संख्येला मत सोडणं फायद्याचं.

डॉक्टरने एकदा जरी कुणाला वाचवलं तर सगळं उलटतं. पहिल्या दिवशी मत दिलेलं असेल तर तीन चुका परवडतात. सोडलेलं असेल तर दोनच. शिवाय मतदानच झालं नाही तर कोण कुणाच्या मागे गेलं हे दुसऱ्या दिवशी तपासणार कशावरून? मला हा तोटा टक्क्यांपेक्षा मोठा वाटतो.

दुसरं, ५ जण उरल्यावर बहुमताला ३ मतं लागतात. दोन माफिया एकत्र, त्यांना एकच गोंधळलेला गावकरी मिळाला की खेळ संपला. तिथे गावकऱ्यांनी आपलं मत शेवटपर्यंत राखून ठेवावं का? बरोबरी झाल्यास कुणीच बाद नाही, असा आमचा नियम आहे. तुमच्याकडे काय करता?