स्विंगच्या जेटेबलमधल्या सेलचं एडिटिंग ऑटोमेट करायला काय वापरावं?

चाचणीवाली
आमचं डेस्कटॉप ॲप जावा स्विंगमध्ये (खिडक्या-बटणं बनवायची जावाची लायब्ररी) आहे आणि जवळजवळ सगळं काम एका मोठ्या जेटेबलमध्ये, म्हणजे स्विंगच्या तक्त्यात, चालतं. सध्याच्या टेस्ट जावाच्या रोबोट क्लासवर (माऊस-कीबोर्ड आपोआप चालवणारा) आहेत: सेलवर डबल क्लिक, टायपिंग, मग ‘सेव्ह’ बटण. कधी 100 च्या जागी 50 टाकताना 10050 होतं. कधी सेलमध्ये 50 दिसतं, पण सेव्ह 100 च होतं. दुसरं कुठलं टूल घ्यावं? की सरळ मॉडेलवर, म्हणजे टेबलामागच्या डेटावर, सेटव्हॅल्यूॲटने आकडा लिहून मोकळं व्हावं?

रेघोटी
सेटव्हॅल्यूॲट यूआय टेस्टमध्ये तरी नको. त्यात एडिटर उघडतच नाही, मग टेस्ट केलं काय?

जेटेबलमधला सेल हा स्वतंत्र घटक नसतो. रेंडरर तिथे नुसता मजकूर रंगवतो. एडिटिंग सुरू झालं की एडिटर टेबलात येतो, संपलं की काढला जातो. त्यात टाइप केलेलं मॉडेलमध्ये पोचतं ते स्टॉपसेलएडिटिंग, म्हणजे एडिटिंग संपवणारी मेथड, चालल्यावरच. तुम्ही टाइप करून थेट ‘सेव्ह’ दाबता तेव्हा फोकस हलतो, एडिटिंग मात्र चालूच राहतं. स्विंगचं मूळ वागणं तसंच आहे. टेबलावर ‘टर्मिनेटएडिटऑनफोकसलॉस्ट’ ही क्लायंट प्रॉपर्टी ट्रू केली, तर फोकस जाताना एडिटिंग संपतं.

म्हणून कळकळीने सांगते, टेस्टमध्ये एडिटिंग संपवणारा एक एंटर घुसवून ती हिरवी (पास) करून टाकू नका. टेस्टचा आकडा हरवतोय तसाच वापरणाऱ्याचाही हरवत असणार. आधी बग नोंदवा, आणि थेट ‘सेव्ह’ दाबणारी एक टेस्ट कायमची ठेवा. बाकीच्यांत एंटर चालेल.

टूल म्हणाल तर असर्टजे-स्विंग, स्विंगच्या यूआय टेस्टसाठीची लायब्ररी. त्यातलं एंटरव्हॅल्यू एडिटर उघडणं, जुनं पुसून नवं लिहिणं आणि एडिटिंग संपवणं हे सगळं एका दमात करतं. टेक्स्ट, चेकबॉक्स आणि कॉम्बो त्याला आपले आपण येतात. तुमचा 10050 चा प्रश्न तिथेच सुटेल. रोबोटवरच राहायचं असेल तर एडिटर उघडल्यावर कंट्रोल-ए दाबून मग टाइप करा, आणि ठरावीक स्लीपऐवजी टेबलाचं इझएडिटिंग ट्रू होईपर्यंत थांबा.

चाचणीवाली
खूप आभार. बग नोंदवते. टेबल सॉर्ट केलेलं असलं की ओळ भलतीच तपासली जाते, तेही याच कारणाने का?

खिडकीवाला
नाही, ते वेगळं. टेबलाचा ओळ क्रमांक दिसणाऱ्या क्रमाचा असतो, मॉडेलचा निराळा. मॉडेलमधून वाचताना दिसणारा क्रमांक मॉडेलच्या क्रमांकात बदलणारं कन्व्हर्टरोइंडेक्सटूमॉडेल लावाच. त्याहून बरं म्हणजे ओळ क्रमांकाने न धरता तिच्या ओळख-कॉलमवरून दर वेळी नव्याने शोधा. सॉर्टरवर सेटसॉर्ट्सऑनअपडेट्स (बदल होताच पुन्हा सॉर्ट) चालू असेल तर एडिट होताच ओळ जागा बदलू शकते.

आकड्यांच्या कॉलममध्ये आणखी एक गोष्ट. चुकीचा मजकूर टाकला तर मूळ एडिटर लाल चौकट दाखवतो आणि स्टॉपसेलएडिटिंग फॉल्स देतं. ते उत्तर टेस्टमध्ये तपासा, नाहीतर एडिटर उघडाच राहतो आणि टेस्ट पुढच्याच कुठल्यातरी पायरीवर पडते.

चाचणीवाली
तारखेच्या कॉलमला आमचा स्वतःचा एडिटर आहे, त्याचं काय? शिवाय दुसरं एक ॲप डब्ल्यूपीएफमध्ये (मायक्रोसॉफ्टची विंडोज डेस्कटॉप यूआय चौकट) आहे.

रेघोटी
तारखेसाठी असर्टजे-स्विंगचा जेटेबलसेलरायटर (सेलमध्ये लिहिणारा भाग) स्वतः लिहून रिप्लेससेलरायटरने द्या. निकाल मात्र मॉडेलमधून वाचा. असर्टजे-स्विंगमधली सेल तपासणी, रिक्वायरसेलव्हॅल्यू, रेंडररने रंगवलेलं वाचते, आणि तारीख फॉरमॅट करताना काही गळलं तर ते तिथे कळत नाही.

खिडकीवाला
डब्ल्यूपीएफसाठी फ्लायूआय ही .नेटमधली यूआय ऑटोमेशन लायब्ररी बघा. पायथन हाताशी असेल तर पायविनऑटो ही तशीच लायब्ररी, पण त्यात ‘यूआयए’ (मायक्रोसॉफ्टचं यूआय ऑटोमेशन) बॅकएंड निवडा. डब्ल्यूपीएफच्या डेटाग्रिडमध्ये (तिथला तक्ता) ओळींचं व्हर्च्युअलायझेशन मुळातच चालू असतं. नजरेबाहेरच्या ओळींचे घटक बनलेलेच नसतात, तेव्हा आधी स्क्रोल करून ओळ समोर आणा. मग एफ2, टायपिंग, एंटर. एंटरनंतर निवड खालच्या ओळीवर सरकते, म्हणून तपासायचा सेल पुन्हा शोधून घ्या.