लिस्बनला घरच्यांना घेऊन गेलेले, इकडे या

किल्ली सापडेना म्हणून सकाळी आईने हाक मारली, "माझी शाव्ह कुठाय?" आणि मला २०१९ चं लिस्बन आठवलं. अल्फामातल्या आमच्या भाड्याच्या घराच्या मालकीणबाईंना इंग्रजी जेमतेम. किल्ली पुढे करून "शाव्ह" म्हणाल्या. आई म्हणाली, "चावी!" झालं. साबण, बटाटा, अननस, काजू, पाव... एकेक वस्तू दाखवत दोघी स्वयंपाकघरात फिरताहेत. बादलीला तर टाळीच दिली.

बेलेंच्या जेरोनिमोस मठात चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामाची कबर. मठ बांधायला मसाल्याच्या व्यापारावरच्या पाच टक्के कराचा पैसा लागला, हे मी वाचून दाखवलं तर आई म्हणे, "म्हणजे आपल्या मिऱ्यांचा." बाबा मागे वळून बाहेर गेले, कबरीचा फोटो काढू दिला नाही 😄

तुमचे सांगा.

तूपसाखर
आम्ही सोमवारी गेलो. मठ सोमवारी बंद!! नवऱ्याचं एक्सेल तयार होतं, एवढंच बघायचं राहिलं. सासूबाई म्हणाल्या, सोमवारी न्हावी बंद असतो, मठ कसा बंद?

रिकामटेकडा
न्हावी 😂😂

कुकरची शिट्टी
पास्तेल द नाता. सासूबाई अंडं खात नाहीत. वर दालचिनी, पिठीसाखर, गरमगरम. "यात काय असतं गं?" "दूध." तीन खाल्ले. अजून सांगितलेलं नाही, इथलं कुणी आमच्या सोसायटीतलं असेल तर कृपया गप्प बसा.

तूपसाखर
नुसता बलक असतो हो त्यात! मठातले लोक पांढरं कपड्यांच्या खळीला वापरायचे, बलक उरायचा, त्यातून ही मिठाई निघाली म्हणतात. पाप लागणार तुम्हाला.

मडगांवकार
माझी आजी ६१ च्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेली. रोसिओ चौकात तिने वेटरला पोर्तुगीजमध्ये कॉफी सांगितली. तो म्हणाला, माझी पणजी असं बोलायची. नंतर नको असताना आणखी दोन कॉफ्या मागवल्या तिने. रात्रभर झोप नाही, मलाही झोपू दिलं नाही.

रिकामटेकडा
२८ नंबरच्या ट्रॅममध्ये काकांचा खिसा मारला. चोराला मिळाली आवळासुपारीची पुडी. काका अजून पुडीसाठी हळहळतात.

मीरा_औसा
कार्मोच्या चर्चला छप्पर नाही, नुसत्या कमानी आणि वर आभाळ. १ नोव्हेंबर १७५५, सणाची सकाळ, लोक प्रार्थनेला जमलेले आणि भूकंप. पप्पा बराच वेळ कमानीखाली उभे होते. म्हणाले, "आपल्याकडं विसर्जन करून झोपले होते सगळे." किल्लारीत आत्याचं घर होतं. ९३ नंतर त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं.

कुकरची शिट्टी
🙏

नवीन_सभासद७
व्हिसाला सध्या किती दिवस लागतात? आईबाबांचं वय ७०+.

तूपसाखर
व्हिसाचं राहू दे, आधी बूट घ्या त्यांना. पाऊस पडला की तिथले ते पांढरे दगड साबण लावल्यासारखे होतात. सासूबाई माझा दंड धरून चालल्या, नवरा पुढे एक्सेल घेऊन.

रिकामटेकडा
जेवायला बसलं की न मागता पाव आणि ऑलिव्ह आणून ठेवतात. काका म्हणाले, काय अगत्य! बिलात लावलं होतं.

*(धागाकर्ती)*
शाव्ह सापडली. फ्रीजवर होती.

नवीन_सभासद७
व्हिसाचं सांगा ना कुणीतरी